गंजाची वही

सदतीस अंशांवर पाणी धरून ठेवलंय.
पाणी म्हणजे रक्ताची नक्कल: मीठ, चुना, थोडं फॉस्फेट,
लाली वगळून बाकी सगळं.
त्यात टांगलाय नमुना सतरा,
मॅग्नेशियमचा, तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा,
आरगॉनच्या बंद पेटीत
लेझरनं थरावर थर चढवून छापलेला,
एकेक थर केसाहून बारीक.
वर उपडं नरसाळं, त्यावर उपडी काचेची नळी.
बुडबुडे चढतात. मी मोजते.
एक बुडबुडा म्हणजे धातू एवढा एवढा कमी.

बाहेर सखीरचं वाळवंट, ऑगस्ट, रात्रीचे दोन,
काचेला बाहेरून घाम.
एसीच्या जाळीवर गंज.
नुवान दर महिन्याला तो घासतो, रंग लावतो
आणि जाता जाता माझ्या टाकीकडे बघतो
तक्रार केल्यासारखं.

या बेटावर सगळे गंजाशी भांडायला येतात.
अब्बाही आले होते, बुरोंडीहून, ब्याण्णव साली,
हिद्दच्या गोदीत.
जहाजाचं पोट वाळूच्या फवाऱ्यानं खरवडायचं,
चार तासांच्या आत पहिला लाल हात,
नाहीतर दमट हवा पुन्हा बसते;
मग राखाडी, मग काळा.
एकवीस वर्षं.
सुटीवर आले की पहिले आठ दिवस
घरातल्या सुक्या बांगड्यालाही थिनरचा वास.

फोनवर मी सांगितलं, शिष्यवृत्ती मिळाली. विषय गंज.
"थांबवायचा ना?"
नाही अब्बा, होऊ द्यायचा. वेळेवर.
बराच वेळ गप्प. मग:
"आणि त्याचे पैसे देतात?"

वेळेवर. एवढाच सगळा प्रबंध.
हाड जुळायला लागतात बारा आठवडे.
तोवर स्क्रूनं धरून ठेवायचं,
मग हळूहळू हात सैल करायचा
आणि हाडाला कळायच्या आत निघून जायचं,
पुन्हा चिरफाड नको.
माझा पहिला घाणा नऊ दिवसांत गेला.
सकाळी आले तर नळी भरून हायड्रोजन,
तळाशी पांढरा गाळ,
लटकलेला नुसता दोरा.
सूक्ष्मदर्शकाखाली मग दिसलं,
त्याच पेटीतल्या, न बुडवलेल्या एका भावंडात:
जिथे दोन थर नीट वितळून एक झाले नव्हते
तिथे पाण्याला दार उघडंच होतं.
डॉ. हाला म्हणाल्या, हे झालं प्रकरण चौथं.
रडू नकोस, लिही.
मी दोन्ही केलं.

अब्बांच्या नडगीत पोलादाची पट्टी आहे, सहा स्क्रू.
दोन हजार अकरात परांचीवरून पडले,
मनामाच्या इस्पितळात बसवली.
डॉक्टर म्हणाले होते, दीड वर्षानं या, काढून टाकू.
दीड वर्षानं करार संपला.
पट्टी तशीच घेऊन विमानतळावर गेले;
कमानीखालून जाताना ती वाजली,
शिपायानं बाजूला घेतलं, विजार वर करायला लावली.
एकवीस वर्षांतलं तेवढंच टिकाऊ सामान.

हे मी प्रस्तावनेत लिहिलं नाही.
प्रस्तावनेत आहे: दुसरी शस्त्रक्रिया टाळणे,
रुग्णाचा खर्च, संदर्भ सात ते अकरा.

आज नमुना सतराचा चौऱ्याऐंशीवा दिवस.
चिमट्यानं उचलते. अजून आहे.
कडा गेल्यात,
चघळून काढून ठेवलेल्या खडीसाखरेसारखा.
आम्लात धुते, सुकवते, तराजूची काच ओढून घेते,
श्वास धरते
दशांशानंतरचा चौथा आकडा थांबेपर्यंत.
वहीत लिहिते. कागद दमट, पेन अडखळतं.

तिकडे फजरला उठलेले अब्बा.
"गंज किती?"
बेताचा, म्हणते.
"जास्त होऊ देऊ नको," सवयीनं म्हणतात.
पाय ठणकतोय म्हणे रात्रीपासून.
मग अंगठ्यानं नडगी दाबत जातात, वरून खाली;
मला इथे त्यांचं पुटपुटणं ऐकू येतं,
चार, पाच,
"सहाच्या सहा आहेत,"
गोदीच्या फाटकावर हजेरी घ्यावी तसं.